सॉफ्टवेअर बंद पडणे हाही प्रयोगशाळेतला बिघाड माना

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर परिसरातील महाविद्यालयांतले संशोधक विद्यार्थी, विज्ञान शिक्षक व प्रयोगशाळा कर्मचारी यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
उपनगरांतील महाविद्यालयांचे प्राचार्य व संस्थाचालक,
तसेच विद्यापीठ आणि उच्च शिक्षण खात्यातील संबंधित अधिकारी

विषय : संशोधनातील डेटा-विश्लेषणाचे सॉफ्टवेअर वारंवार बंद पडण्याबाबत नोंद, दुरुस्ती, प्रशिक्षण आणि मुदतवाढ यांची व्यवस्था करणे

महोदय / महोदया,

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ब्युरेट फुटले की ब्रेकेज रजिस्टरमध्ये नोंद होते. भौतिकशास्त्राचा स्पेक्ट्रोमीटर बिघडला तर एएमसी कुणाकडे आहे ते पाहून तो दुरुस्तीला जातो आणि तोवर त्या बॅचचे प्रॅक्टिकल पुढे ढकलले जाते. पण त्याच स्पेक्ट्रोमीटरची मोजमापे संगणकात भरून विश्लेषण चालू असताना सॉफ्टवेअर बंद पडले, तर पहिला प्रश्न येतो : ‘तू नेमके काय केलेस?’ नोंद कुठेच होत नाही, दुरुस्तीला कुणी बांधील नसते आणि प्रबंधाची मुदत एका दिवसानेही हलत नाही.

आमची मूळ मागणी एकच आहे. विश्लेषणाचे सॉफ्टवेअर हे प्रयोगशाळेतले उपकरण समजावे आणि त्याचे बंद पडणे हा उपकरणाचा बिघाड समजावा. पुढच्या सगळ्या मागण्या यातूनच निघतात.

हा प्रश्न आत्ताच का

पूर्वी पीएच.डी.चे मोजके विद्यार्थीच मोठ्या डेटाशी झगडत. आता तसे राहिलेले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या चौथ्या वर्षाला संशोधनाचा पर्याय आला आहे. म्हणजे ज्या लॅबमध्ये आजवर टायपिंग, प्रेझेंटेशन आणि थोडेफार एक्सेल चालत होते, तिथेच आता विशी-एकविशीची मुले सर्वेक्षणाचे, जनुकांचे, हवामानाचे आणि पाण्याच्या नमुन्यांचे विश्लेषण करणार आहेत. मुले वाढली, डेटा वाढला. यंत्रे आणि व्यवस्था मात्र जुनीच आहे.

नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांमागे संगणक किती, हे विचारले जाते. त्या संगणकांपैकी किती यंत्रांवर विश्लेषण शेवटपर्यंत जाते, हे कुणी विचारत नाही. कागदावर लॅब भरलेली असते आणि प्रत्यक्षात त्यातल्या चांगल्या चार यंत्रांसाठी रांग लागते.

परीक्षेच्या बाबतीत सॉफ्टवेअरची किंमत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल लांबत गेले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. परीक्षेत संगणकाच्या व्यवस्थेने दगा दिला तेव्हा कुणाला तरी उत्तर द्यावे लागले. संशोधनात तीच गोष्ट घडली की उत्तर फक्त विद्यार्थ्याने द्यायचे, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

बिघाड होतो कसा

‘संगणक हँग झाला’ या एका वाक्याखाली निरनिराळे आजार लपतात. त्यांची कारणे वेगळी, उपायही वेगळे. म्हणून मागण्यांआधी कारणे मांडतो.

पहिले कारण मेमरीचे. उदाहरण आपल्या उपनगरातलेच घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रसंस्था गोवंडी-देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. हा डेटा अभ्यासकांना मिळतो. संख्याशास्त्र, समाजशास्त्र, गृहविज्ञान अशा अनेक विभागांतले विद्यार्थी तो वापरतात. स्त्रियांच्या फाइलमध्ये रकाने काही हजार आहेत. त्यातले एक हजारच उघडले असे धरू. ‘आर’ या संख्याशास्त्रीय विश्लेषणाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अशा फाइलमधली प्रत्येक संख्या साधारणपणे ८ बाइट जागा घेते. सात लाख चोवीस हजार ओळी, हजार रकाने, आठ बाइट : हिशेब जवळपास ५.८ जीबीवर जातो. लॅबमधल्या यंत्रात मेमरी ४ जीबी. त्यातली बरीचशी विंडोज आणि अँटिव्हायरस आधीच खाऊन बसलेले. मग पडद्यावर ‘इतक्या आकाराचा व्हेक्टर ठेवायला जागा मिळत नाही’ असा संदेश येतो, किंवा तोही न येता खिडकी पांढरी पडते आणि प्रोग्रॅम मिटतो. जुनी ३२-बिटची आवृत्ती असेल तर विंडोजवर एका प्रोग्रॅमला सहसा २ जीबीच्या पुढे जाताच येत नाही. यंत्रात जास्त मेमरी बसवली तरी उपयोग नाही.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. समजा, हा डेटा वापरणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीला अभ्यासासाठी लागणारे रकाने तीसच आहेत. फाइल वाचतानाच तेवढे तीस मागितले, तर तोच हिशेब साधारण १७४ एमबीवर येतो आणि ४ जीबीच्या यंत्रावर काम सुरळीत होते. खर्च शून्य. फक्त हे सांगणारे कुणीतरी जवळ हवे. आमच्या मागण्यांत यंत्रांइतकाच माणसांवर भर आहे तो यासाठी.

दुसरे कारण आवृत्त्यांचे. लॅबमधल्या एका यंत्रावर जुनी आवृत्ती, दुसऱ्यावर नवी आणि घरच्या लॅपटॉपवर तिसरीच. जून २०२४ मध्ये पायथॉनच्या ‘नमपाय’ या पायाभूत संग्रहाची २.० ही आवृत्ती आली आणि आधीच्या आवृत्तीसाठी बांधलेले कितीतरी पूरक संग्रह तिच्यासोबत चालेनासे झाले. काल चाललेला प्रोग्रॅम आज सुरू होताच कोसळतो, आणि विद्यार्थ्याने त्यातली एक ओळही बदललेली नसते. ‘आर’च्या बाबतीत २०१९ च्या ३.६.० आवृत्तीत नमुना निवडण्याची पद्धत बदलली. यादृच्छिक निवडीसाठी तेच बीज (सीड) दिले तरी आधीच्या आणि नंतरच्या आवृत्तीत नमुने वेगळे निघू शकतात. इथे काही बंद पडत नाही, फक्त गाईडच्या यंत्रावरचे उत्तर विद्यार्थ्याच्या उत्तराशी जुळत नाही आणि संशय घेतला जातो तो विद्यार्थ्यावर.

तिसरे कारण लिपी आणि तारखांचे. आमचे विद्यार्थी भांडुपच्या वस्त्यांत, गोराईच्या कोळीवाड्यात, आरेच्या पाड्यांवर मराठीतून प्रश्नावल्या भरून घेतात. विंडोजवरच्या जुन्या ‘आर’मध्ये ही उत्तरे उघडली की ‘न’ या अक्षराच्या जागी ०९२८ असा सांकेतिक क्रमांक उमटतो; काही सॉफ्टवेअरमध्ये नुसतीच प्रश्नचिन्हे येतात. फोल्डरचे किंवा युजरचे नाव देवनागरीत असेल तर काही जुने प्रोग्रॅम फाइल सापडत नाही म्हणून थांबतात. एप्रिल २०२२ च्या ४.२.० आवृत्तीपासून ‘आर’ने विंडोजवर युनिकोड मुळापासून स्वीकारला, पण त्यासाठी विंडोज १० ची पुरेशी नवी आवृत्ती लागते, आणि त्याच आवृत्तीपासून विंडोजवर ३२-बिटचा आधार काढून घेतला गेला. म्हणजे जुन्या यंत्रावर अडकलेल्या विद्यार्थ्याला मराठीही मिळत नाही आणि नवी आवृत्तीही नाही.

तारखांचे तर विचारू नका. १२/०७ ही आपली १२ जुलै. अमेरिकी पद्धतीवर लावलेल्या यंत्रात ती ७ डिसेंबर होते आणि १३/०७ ही तारीखच राहत नाही, नुसता मजकूर होते. एकाच रकान्यात अर्ध्या तारखा आणि अर्धा मजकूर गेला की विश्लेषण मध्येच तुटते. ही केवळ आपली रड नाही. जनुकांची नावे एक्सेल परस्पर तारखांत बदलते, हे जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनी भोगले आहे. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका असल्याचे २०१६ साली दाखवले गेले. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने काही जनुकांची नावेच बदलली.

चौथे कारण वीज, पाणी आणि परवाने यांचे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि आसपासची वीज गेली, लोकल थांबल्या, विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षाही अडल्या. एवढी मोठी घटना क्वचित होते, पण काही सेकंदांचा झटका पावसाळ्यात नेहमीचा. रात्रभर चाललेले सिम्युलेशन पुसायला तो पुरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. तरीही तळमजल्यावरच्या लॅबमध्ये सीपीयू जमिनीवरच ठेवलेले दिसतात. आणि परवाना? तो नेमका मार्च ते मे या प्रबंधांच्या हंगामात संपतो, कारण खरेदी आर्थिक वर्षाशी बांधलेली असते.

बंद पडण्याहून वाईट काय

बंद पडणारे सॉफ्टवेअर निदान ओरडते. गुपचूप चुकणारे सॉफ्टवेअर जास्त घातक. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या मोजणीतून करोनाचे १५,८४१ रुग्ण गळले. एक्सेलच्या जुन्या स्वरूपातल्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. मर्यादा भरली आणि पुढच्या नोंदी गळून पडल्या. २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधक जेफ्री चँग यांना प्रथिनांच्या रचनेवरचे पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले, कारण प्रयोगशाळेत वापरलेल्या एका प्रोग्रॅमने डेटाच्या दोन रकान्यांची अदलाबदल केली होती. प्रोग्रॅम कुठेही अडला नव्हता.

आमच्या विद्यार्थ्यांना बिघाड शोधायला शिकवणे म्हणजे केवळ अडलेले काम सुरू करून देणे नव्हे. आलेले उत्तर खरे आहे का, हे तपासण्याची सवय त्यातूनच लागते. क्रॅश झाला की यंत्र रिस्टार्ट करून पुढे जाणारा विद्यार्थी उद्या चुकीच्या उत्तरावरूनही तसाच पुढे जाईल.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक लॅबमध्ये सॉफ्टवेअर-बिघाड नोंदवही ठेवावी. ब्रेकेज रजिस्टरसारखीच, शिक्क्याची, पाने क्रमांकित केलेली. तीत तारीख-वेळ, यंत्राचा क्रमांक, विंडोज किंवा लिनक्सची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, फाइलचा आकार, शेवटची केलेली कृती आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा लिहावा. ‘चालत नाही’ ही नोंद ग्राह्य धरू नये. संदेश उतरवून घेतला, स्क्रीनशॉट जोडला आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली नोंद सोबत ठेवली, की दुरुस्ती करणाऱ्याचे अर्धे काम होते. महिन्याअखेर विभागप्रमुखांनी सही करावी. कोणते यंत्र आणि कोणते सॉफ्टवेअर सतत त्रास देते, ते सहा महिन्यांत आपोआप दिसेल.

२. दोन सामाईक मदत केंद्रे सुरू करावीत : पश्चिम उपनगरांसाठी अंधेरी-बोरिवली पट्ट्यात एक आणि मध्य उपनगरांसाठी घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात एक. प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र जाणकार नेमणे परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक पूर्णवेळ संगणन-साहाय्यक नेमणे अशक्य नाही. २०१४ पासून मेट्रोने अंधेरी आणि घाटकोपर थेट जोडलेले आहेत. एका केंद्राचा जाणकार दुसऱ्या केंद्रावर आठवड्यातून एकदा सहज जाऊ शकतो. आज हे काम लॅब असिस्टंट आणि लॅब अटेंडंट यांच्या गळ्यात, त्यांच्या कामाच्या यादीत नसताना, वेगळा मोबदला न देता पडते. ते थांबावे.

३. प्रत्येक संशोधन लॅबमध्ये निदान काही यंत्रे विश्लेषणासाठी राखून ठेवावीत : ६४-बिटची प्रणाली, १६ जीबी मेमरी, एसएसडी आणि चालू स्थितीतला यूपीएस. सगळीच यंत्रे बदला, असा आमचा हट्ट नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि जुन्या प्रोसेसरची यंत्रे विंडोज ११ घेत नाहीत. अशी यंत्रे भंगारात काढण्याआधी त्यांवर लिनक्स टाकून ‘आर’ आणि पायथॉनसाठी वापरता येतील का, हे पाहावे. तळमजल्यावरच्या सर्व लॅबमध्ये सीपीयू जमिनीपासून उंच ठेवावेत. यूपीएसची बॅटरी मेअखेर तपासावी, ऑगस्टमध्ये नव्हे.

४. परवान्यांचे वार्षिक वेळापत्रक लॅबच्या दारावर लावावे आणि कोणताही परवाना फेब्रुवारी ते जून या काळात संपणार नाही, अशा रीतीने खरेदीचे करार करावेत. विद्यार्थ्याला घरून, लोकलचा प्रवास वाचवून काम करता यावे यासाठी कॅम्पसबाहेरच्या वापराचा परवाना मागून घ्यावा. चोरीच्या, ‘क्रॅक’ केलेल्या प्रती कुठल्याही यंत्रावर राहू नयेत. त्या अडतात, व्हायरस आणतात आणि त्यांवरचे निकाल छापायच्या वेळी अडचणीत आणतात. पण आधी पर्याय द्यावा, मग बंदी घालावी.

५. सत्र सुरू असताना आवृत्ती बदलू नये. प्रत्येक सत्राच्या आरंभी विभागाने आवृत्त्यांची यादी ठरवून सगळ्या यंत्रांवर तीच ठेवावी. अपडेट सुट्टीत करावेत. प्रबंधाच्या परिशिष्टात सॉफ्टवेअर आणि पूरक संग्रहांच्या आवृत्त्या नोंदवणे सक्तीचे करावे. परीक्षकाला उत्तर वेगळे आले, तर आधी आवृत्त्या जुळवाव्यात. विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणावर शंका त्यानंतर घ्यावी.

६. मुक्त सॉफ्टवेअरकडे जाण्यासाठी पवईचा हात धरावा. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प केंद्र सरकारच्या मदतीने सायलॅब, पायथॉन, ‘आर’, ओपनमोडेलिका यांसारखी मुक्त साधने शिक्षणात आणण्याचे काम करतो. महाविद्यालयांच्या लॅब विकतच्या सॉफ्टवेअरवरून मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचा स्वतंत्र उपक्रमही त्यांच्याकडे आहे. त्याच संस्थेत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीसह अनेक भारतीय भाषांत छोटे ध्वनिचित्र-धडे मोफत आहेत. मुलुंडहून किंवा घाटकोपरहून पवई हाकेच्या अंतरावर आहे. जे बसने गाठता येते, त्यासाठी परदेशी कंपनीच्या हेल्पलाइनवर ताटकळत बसायला आम्ही तयार नाही.

७. बिघाड शोधणे हे प्रॅक्टिकलच्या गुणांत यावे. प्रत्येक विज्ञान शाखेत त्याचे एक प्रात्यक्षिक असावे. विद्यार्थ्याला मुद्दाम बिघडवलेली फाइल द्यावी आणि कारण शोधायला सांगावे. क्रम असा : संदेश पूर्ण वाचा, तीच फाइल पुन्हा चालवून बिघाड परत येतो का पाहा, दुसऱ्या यंत्रावर पाहा, मग फाइल अर्धी करा. ज्या अर्ध्यात बिघाड येतो तेवढेच ठेवा आणि पुन्हा अर्धे करा. एक लाख ओळींच्या फाइलमधली एक बिघडलेली ओळ अशा रीतीने सतरा वेळा अर्धे केल्यावर हाती लागते; नजरेने शोधायला बसलो तर दिवस जाईल. कारण सापडले की अवघ्या दहा ओळींत तो बिघाड दाखवणारे छोटे उदाहरण तयार करा, मगच मदत मागा. हे कौशल्य पुढच्या नोकरीतही उपयोगी पडणारे आहे.

८. नोंदवलेल्या बिघाडाचे दिवस विद्यार्थ्याला परत मिळावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी जास्तीत जास्त सहा वर्षे आहेत. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोनपर्यंत. या कालमर्यादेशी आमचे भांडण नाही. पण नोंदवहीत सही-शिक्क्यानिशी लिहिलेले आणि तीन दिवसांत न सुटलेले बिघाड प्रगती अहवालात, प्रोजेक्ट जमा करण्याच्या तारखेत आणि विलंब शुल्कात धरले जावेत. सहा वर्षांचा प्रश्न आला तर महाविद्यालयाने शिफारस स्वतःहून करावी. विद्यार्थ्याला खेपा घालायला लावू नयेत.

९. सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी देवनागरीची चाचणी सक्तीची करावी. मराठी उत्तरे असलेली फाइल, देवनागरी नावाचे फोल्डर आणि दिवस-महिना-वर्ष अशा क्रमातल्या तारखा, या तीन गोष्टी विक्रेत्याने आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच यंत्रावर चालवून दाखवाव्यात. न चालल्यास देयक अडवावे.

१०. बॅकअप आणि गोपनीयता यांचा लेखी नियम करावा. प्रत्येक संशोधनाच्या तीन प्रती असाव्यात, त्यातली एक महाविद्यालयाबाहेर. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये बंद पडल्यावर ‘अहवाल कंपनीला पाठवू का?’ असा प्रश्न येतो. त्या अहवालात मेमरीतला मजकूर, म्हणजे रुग्णाची किंवा उत्तरदात्याची माहितीही जाऊ शकते. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. अशा डेटावर काम करणाऱ्या यंत्रांवर अहवाल पाठवण्याचा पर्याय बंद असावा आणि मदत मागताना खऱ्या डेटाऐवजी बनावट नमुना वापरायची पद्धत घालून द्यावी.

खर्चाचा आक्षेप

‘पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. दहापैकी १, ५, ७, ८ आणि ९ या मागण्यांना कागद, शाई आणि इच्छाशक्ती यांपलीकडे फारसे काही लागत नाही. ४ आणि १० यांना नियोजन लागते. खरा खर्च २ आणि ३ यांवर आहे, आणि तो महाविद्यालयांनी वाटून घ्यायचा आहे. ६ क्रमांकाची मागणी तर परवान्यांचा खर्च कमी करणारी आहे.

मनात आणले तर सामाईक व्यवस्था उभी राहते, याचे दाखले सरकारनेच दिले आहेत. प्रबंधातली चोरी पकडायचे सॉफ्टवेअर ‘शोधशुद्धी’ योजनेतून सप्टेंबर २०१९ पासून विद्यापीठांना केंद्रीय पातळीवर दिले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. म्हणजे जगाचे संशोधन वाचायची सोय झाली, आपल्या संशोधनातली चोरी पकडायचीही झाली. मधली पायरी, म्हणजे स्वतःच्या डेटाचे विश्लेषण करायची सोय, तेवढी ज्याच्या त्याच्या नशिबावर राहिली. त्याच धर्तीवर विश्लेषणाच्या साधनांसाठीही सामाईक योजना असावी, असा पाठपुरावा विद्यापीठाने आणि खात्याने करावा.

दुसरा आक्षेप असा येतो की, ‘मुलांना सॉफ्टवेअर नीट वापरता येत नाही, म्हणून ते बंद पडते.’ यात तथ्य आहे. हजार रकाने उघडण्याचे उदाहरण आम्हीच वर दिले. पण मायक्रोस्कोप नीट वापरता येत नाही म्हणून कुणाला लॅबबाहेर काढत नाहीत, आधी शिकवतात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत शिकवणे राहून जाते आणि दोष मात्र शिल्लक राहतो.

आम्ही काय करू

फक्त मागून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. संघटनेचे सभासद नोंदवही प्रामाणिकपणे भरतील. स्वतःच्या निष्काळजीपणाने झालेला बिघाडही तसाच लिहितील. प्रत्येक विभागातून एक ज्येष्ठ विद्यार्थी आठवड्यातून दोन तास नवख्यांना मदत करील. सुटलेल्या बिघाडांची कारणे आणि उपाय मराठीत लिहून लॅबमध्ये लावले जातील, म्हणजे तोच बिघाड पुढच्या बॅचला नव्याने शोधावा लागणार नाही. स्पोकन ट्युटोरियलचे धडे पाहण्यासाठी सामूहिक वर्ग आम्ही स्वतः भरवू. आम्हाला फक्त खोली आणि प्रोजेक्टर हवा.

मुदत

हे मागणीपत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत संघटनेच्या प्रतिनिधींसोबत बैठक घ्यावी. मागणी १, ५ आणि ८ यांची अंमलबजावणी पुढील सत्राच्या पहिल्या दिवसापासून व्हावी. मागणी ४, ७, ९ आणि १० यांसाठी शैक्षणिक वर्षअखेरपर्यंत मुदत असावी. मदत केंद्रे, यंत्रे आणि मुक्त सॉफ्टवेअरकडचे स्थलांतर, म्हणजे मागणी २, ३ आणि ६, यांसाठी पुढील अंदाजपत्रकात तरतूद करावी आणि तिचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम लेखी जाहीर करावा. बैठक झाली नाही, तर सर्व संबंधित महाविद्यालयांत सनदशीर मार्गाने सह्यांची मोहीम घेऊन हा विषय विद्यापीठाच्या अधिसभेतील प्रतिनिधींकडे नेला जाईल.

या दहा मागण्यांपैकी सगळ्या एकदम मान्य होणार नाहीत, याची आम्हाला कल्पना आहे. तसे असेल तर पहिलीपासून सुरुवात करावी. एक नोंदवही, एक पेन आणि विभागप्रमुखांची एक सही एवढे पुढच्या सोमवारपासूनही शक्य आहे. बिघाड लिहिला गेला की त्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न पुढे टाळता येणार नाही. ती नोंदवही उघडावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य
(संघटनेच्या सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने)
मुंबई उपनगर